टेक्सासमधल्या लॅटिनो तरुणांची मतदार नोंदणी : या चुका टाळा

दुपारच्या सुट्टीत शाळेच्या कँटीनबाहेर टेबल लावलं, दोन तासांत साठ फॉर्म भरून घेतले, सगळ्यांचे हसरे फोटोही निघाले. नोव्हेंबरात त्या साठांतले किती जण मतदानाला गेले, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. टेक्सासमधल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, तरुणांच्या अनेक मोहिमा इथेच फसतात. फॉर्मचा आकडा हेच उद्दिष्ट झालं की पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच जन्माला येतात.

काम लहान नाही. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे ३ कोटी ६२ लाख लॅटिनो मतदानास पात्र होते, त्यांतले ६५ लाखांच्या आसपास एकट्या टेक्सासात. आपल्याकडे बीएलओ दारात येतो, फॉर्म ६ मोबाइलवरून भरता येतो. टेक्सासमध्ये ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑनलाइन कामासोबत होणारी नोंदणी सोडली, तर कागदी फॉर्म आणि शाईची सही लागते. त्यामुळे टेबलावरच्या स्वयंसेवकाची चूक थेट समोरच्याच्या मतावर येते.

नेमणूक नसताना फॉर्म गोळा करणं

कोरे फॉर्म कोणीही वाटू शकतो. दुसऱ्याचा भरलेला फॉर्म घेऊन तो जमा करायचा असेल, तर काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) नेमलेला ‘व्हॉलंटियर डेप्युटी रजिस्ट्रार’, म्हणजे व्हीडीआर, असावं लागतं. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं आणि अमेरिकेचं नागरिकत्व हवं. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घरांतली नागरिक असलेली मुलं हे काम करू शकतात. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या त्यांच्या आईवडिलांना ते करता येत नाही.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली, ही नेमणूक सम वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. दुसरी, ती काउंटीपुरतीच असते आणि टेक्सासात २५४ काउंट्या आहेत. सॅन अँटोनियोत शिकणाऱ्या मुलीला हिदाल्गो काउंटीतल्या घरच्या पत्त्यावर नोंदणी हवी असेल, तर फक्त बेक्सार काउंटीचा (सॅन अँटोनियो याच काउंटीत येतं) व्हीडीआर असलेल्याने तिचा फॉर्म घ्यायचा नाही. राज्याचा टपालखर्च भरलेला कोरा फॉर्म तिच्या हाती द्यायचा आणि तो तिनेच पोस्टात टाकायचा.

घेतलेला फॉर्म पाचव्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत नोंदणी कार्यालयात प्रत्यक्ष पोचवावा लागतो. पोस्टाने पाठवलेला चालत नाही, आणि उशीर हा गुन्हा आहे. नोंदणीची मुदत जवळ आली की ही सवड आणखी आखडते. सगळे फॉर्म एकाच पिशवीत कोंबले की नेमका सोमवारचा गठ्ठा शनिवारपर्यंत गाडीच्या डिकीत पडून राहतो. म्हणून रोजचं वेगळं पाकीट करा. त्यावर तारीख, फॉर्मची संख्या आणि घेणाऱ्याचं नाव लिहा. पोचवण्याची जबाबदारी एकाच माणसाची असू द्या. फॉर्मची पावती भरणाऱ्याला जागच्या जागी द्या.

“सगळ्यांनी भरा” असं वर्गात सांगणं

ही सगळ्यांत घातक चूक. बाकावर फॉर्म वाटून “चला, भरा” म्हटलं की सोळा-सतरा वर्षांचं पोर शेजाऱ्याचं पाहून खुणा करतं. फॉर्मवरच्या पहिल्या प्रश्नांतच अमेरिकेच्या नागरिकत्वाविषयी विचारलेलं असतं. ग्रीन कार्ड असलेला किंवा ‘डाका’ (लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आलेल्यांना तात्पुरतं संरक्षण देणारी) योजनेतला मुलगा तिथे ‘हो’वर खूण करून सही करून बसला, तर देशाबाहेर काढलं जाण्याची आणि पुढे नागरिकत्वाचा रस्ताच बंद होण्याची वेळ येऊ शकते. ‘चुकून झालं’ म्हटल्याने सुटका होईलच असं नाही. एका टेबलामुळे एखाद्या घराचं एवढं नुकसान होता कामा नये.

यावर उपाय साधा आहे. फॉर्म वाटण्याआधी सगळ्यांना उद्देशून एकच वाक्य म्हणा, तेही इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत : “हा फॉर्म फक्त अमेरिकेच्या नागरिकांसाठी आहे, तुम्ही नागरिक नसाल तर मला काही सांगायची गरज नाही, फॉर्म घेऊ नका, पण मोहिमेत तुमच्यासाठी काम आहे.” मग ते काम खरंच द्या : नातेवाइकांना फोन करणं, घरगुती बैठक बोलावणं, पोस्टर करणं. एकेकाला बाजूला घेऊन “तू नागरिक आहेस का?” असं विचारू नका आणि कागदपत्रंही मागू नका. व्हीडीआरला पात्रता तपासायचा अधिकारच नाही.

आईवडिलांपैकी कोणी नागरिक झालं, तेव्हा त्यांच्यासोबत राहणारं ग्रीन कार्डधारक मूल १८ च्या आत असेल, तर २००० च्या कायद्याने तेही बहुधा आपोआप नागरिक झालेलं असतं, आणि पुष्कळांना याचा पत्ताच नसतो. तरी टेबलावर अंदाज बांधू नका. जवळच्या कायदेशीर मदत केंद्राचा नंबर द्या.

फॉर्म न तपासता ठेवून देणं

समोरचा माणूस उभा आहे तोवरच फॉर्म वाचा. तो गेला की दुरुस्ती संपली. जन्मतारीख आधी पाहा. घरात लॅटिन अमेरिकेची सवय असेल तर दिवस आधी लिहिला जातो, अमेरिकेत महिना आधी. ०५/११ म्हणजे ५ नोव्हेंबर की ११ मे, हे तोंडी विचारा. तिकडच्या वळणाचा इंग्रजी आकडा 1 डोक्यावर रेघ असल्याने 7 सारखा दिसतो.

दोन आडनावांचा घोळ सर्वांत जास्त. वडिलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावणारी मुलगी शाळेत नुसती गार्सिया असते आणि लायसन्सवर गार्सिया लोपेस. फॉर्मवर नाव लायसन्सप्रमाणेच हवं. पत्त्यात अपार्टमेंटचा नंबर गळतो. राहण्याच्या पत्त्याच्या जागी पोस्ट बॉक्स चालत नाही. सीमेलगतच्या ‘कोलोनिया’ वस्त्यांत घराला नीट पत्ता नसेल, तर जागेचं वर्णन लिहायची मुभा फॉर्मवरच आहे.

वयाचं गणितही चुकतं. टेक्सासात १७ वर्षं १० महिने पूर्ण झाले की नोंदणी करता येते, मत मात्र १८ झाल्यावरच. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीसाठी नोंदणीची शेवटची तारीख ५ ऑक्टोबर आहे. १५ डिसेंबर २००८ चा जन्म असलेल्या मुलाला फॉर्म १५ ऑक्टोबरपासून भरता येईल, पण त्या निवडणुकीत मत देता येणार नाही. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तो केंद्रावरून परत येईल आणि पुन्हा जायचा नाही.

पिझ्झा आणि कोटा

“नोंदणी करा, पिझ्झा मिळवा” असा बोर्ड लावू नका. नोंदणीच्या किंवा मताच्या बदल्यात काही देणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. खाणं ठेवायचं तर येणाऱ्या प्रत्येकासाठी ठेवा. टेक्सासात फॉर्ममागे पैसे देणं किंवा पगार कोट्याला बांधणंही बेकायदा आहे.

फॉर्म घेतला, माणूस सोडला

नाव, फोन आणि “आम्ही मेसेज करू का?” असं विचारणारं वेगळं कार्ड ठेवा. फॉर्मवरचा लायसन्स नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे आकडे उतरवून घेऊ नका. महिन्याभराने पहिला फोन करा आणि यादीत नाव आलं का ते फॉर्म भरणाऱ्याबरोबर राज्याच्या संकेतस्थळावर पाहा. दुसरा फोन ओळखपत्रासाठी करा : टेक्सासात विद्यापीठाचं ओळखपत्र मतदानाला चालत नाही, पिस्तुलाचा परवाना चालतो, आणि हे ऐकून पहिल्यांदा मत देणारे चक्रावतात. तिसरा फोन केंद्र कुठे, कधी आणि कोणाच्या गाडीने जायचं, एवढ्यापुरता. तिन्ही फोन शक्यतो त्याच्या ओळखीच्याने करावेत.

सगळे लॅटिनो एका साच्यातले समजणं

टेक्सासच्या फॉर्मवर पक्षाचा रकानाच नाही. तुम्हीही विचारू नका. करसवलत घेणाऱ्या सेवाभावी संस्थेला तर कोणाला मत द्या हे सांगताच येत नाही. अंदाजही चुकतात. रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या, जवळजवळ सगळी वस्ती लॅटिनो असलेल्या स्टार काउंटीने २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना भरभरून मतं दिली आणि २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना निवडलं. शिवाय पत्रक फक्त स्पॅनिशमध्ये काढलं तर ते आजी वाचते. इथे जन्मलेली नात इंग्रजीत वाचते. एका बाजूला स्पॅनिश, दुसऱ्या बाजूला इंग्रजी छापा.

मुद्दा जवळचा घ्या. विली वेलास्केस यांनी १९७४ मध्ये सॅन अँटोनियोत साउथवेस्ट व्होटर रजिस्ट्रेशन एज्युकेशन प्रोजेक्ट हा लॅटिनो मतदारांच्या नोंदणीचा प्रकल्प उभा केला. ‘तुमचं मत हाच तुमचा आवाज’ या अर्थाची त्यांची स्पॅनिश घोषणा आजही चालते. त्याच वर्षी त्याच शहरात एर्नेस्तो कोर्तेस यांच्या पुढाकाराने चर्चच्या वस्त्यांतून ‘कॉप्स’ (कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस) ही रहिवाशांची संघटना उभी राहिली, ती पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासारख्या प्रश्नावर. १९७७ मध्ये शहराने प्रभागवार निवडणूक स्वीकारली आणि १९८१ मध्ये हेन्री सिस्नेरोस हे लॅटिनो नेते महापौर झाले.

म्हणून फक्त नोव्हेंबरवर नजर ठेवू नका. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी पुष्कळ ठिकाणी शाळा मंडळाच्या आणि नगर परिषदेच्या निवडणुका होतात, आणि मतदान इतकं थोडं होतं की एका शाळेतले पंचवीस-तीस नवे मतदारही उमेदवाराला दखल घ्यायला लावतात. एप्रिलच्या सुरुवातीला आठ-दहा जणांची घरगुती बैठक बोलवा, शाळेच्या बसचा किंवा वस्तीतल्या दिव्यांचा प्रश्न मांडा, आणि उठण्यापूर्वी प्रत्येकाकडून पुढच्या बैठकीचं घर आणि तारीख लिहून घ्या.