सोलकढीचे आठ पेले आणि दहा पाव: परिकल्पना चाचणीचा सराव कसा करावा

परिकल्पना चाचणीत, म्हणजे एखादा दावा आकड्यांच्या पुराव्यावर तपासताना, मुलं सूत्रापाशी क्वचितच अडतात. सूत्रात आकडे घालणं बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती सुरुवातीला आणि शेवटी: नेमकं काय तपासायचं हे ठरवताना, आणि उत्तर आल्यावर त्याचं वाक्य लिहिताना. मी फोंड्यात बी.एस्सी. आणि बी.कॉम.च्या मुलांना सांख्यिकी शिकवते. क्रमिक पुस्तकातल्या गणितात ही दोन्ही कामं आधीच उरकलेली असतात. आकडे तयार, ‘५ टक्के पातळीवर तपासा’ ही सूचना तयार. त्यामुळे वहीभर गणितं सोडवलेल्या मुलालाही ‘तुझी शून्य परिकल्पना काय?’ असं विचारलं की तो गप्प होतो. (शून्य परिकल्पना म्हणजे ‘काही फरक नाही’ हे गृहीतक, जे पुराव्यावर तपासायचं असतं.) म्हणून माझ्याकडे सराव घरातल्या एखाद्या शंकेपासून सुरू होतो. सूत्र नंतर येतं.

पहिली शंका सोलकढीची घ्या. चवथीला घर भरलेलं असतं, तेव्हा तर हा प्रयोग फारच छान जमतो. कुणीतरी ठामपणे म्हणतंच, ‘ताज्या नारळाच्या रसाची कढी आणि पाकिटातल्या रसाची कढी मी चवीवरून सांगेन.’ म्हणणारी काकू असो की आजोबा, त्यांना बसवा. एकाच तऱ्हेचे आठ पेले घ्या. चारांत ताज्या रसाची कढी, चारांत पाकिटातल्या रसाची. आमसोलं, मीठ, मिरची, लसूण सगळं सारखं हवं, आणि थंडपणाही सारखा. पेल्यांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवा. क्रम चिठ्ठ्या उचलून ठरवा, मनाने लावू नका. पेले आणून देणाऱ्याला कोणत्यात काय आहे ते माहीत नसावं, नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरूनच काकू ओळखतील. काकूंना एवढंच सांगायचं: चार ताज्या रसाचे आहेत, ते चार वेगळे काढा.

पहिला पेला उचलण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. शून्य परिकल्पना: काकूंना फरक कळत नाही, त्या अंदाजाने निवडतात. पर्यायी परिकल्पना: त्यांना फरक कळतो. सार्थकता पातळी: ०.०५, म्हणजे निव्वळ अंदाजाने असा निकाल येण्याची शक्यता याहून कमी निघाली तरच शून्य परिकल्पना नाकारायची. खाली तारीख घाला. ही तारीख मी आवर्जून घालायला लावते, कारण निकाल पाहून झाल्यावर परिकल्पना बदलायचा मोह फार मोठा असतो.

आता आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७०. सगळे बरोबर येतील असा प्रकार एकच. म्हणजे काकू निव्वळ अंदाज करत असतील तर चारही बरोबर येण्याची शक्यता १/७०, सुमारे ०.०१४. हीच पी-व्हॅल्यू. ती ०.०५ पेक्षा कमी, म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची. चारांपैकी तीन बरोबर आले तर? तसे प्रकार १६. त्यात चारही बरोबरचा एक मिळवला की १७/७०, म्हणजे ०.२४. शेवटचा एक मिळवायचा हे विसरू नका: मिळालेला निकाल किंवा त्याहून टोकाचा, अशी एकत्र शक्यता आपण मोजतो. तीन बरोबर हे ऐकायला चांगलं वाटतं, पण अंदाजानेही चारातून जवळपास एकदा तेवढं साधतं.

हा प्रयोग माझ्या डोक्यातला नाही. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात म्युरिअल ब्रिस्टल या शास्त्रज्ञ बाईंनी सांगितलं की कपात दूध आधी ओतलं की चहा आधी, हे त्या चवीवरून ओळखतात. तिथेच काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी आठ कपांच्या चाचणीचा विचार मांडला आणि १९३५ मध्ये तो छापून आला. आपण चहाच्या जागी सोलकढी ठेवली एवढंच.

१/७० वर विश्वास बसण्यासाठी हाताने करून पाहा. आठ चिठ्ठ्या घ्या, चारांवर ‘ता’ लिहा, चार कोऱ्या. पिसा, न बघता चार उचला, ‘ता’ किती आले ते टिपा, परत पिसा. शंभर वेळा करा. दोघांनी मिळून केलं तर कंटाळा येत नाही. शंभरात चारही ‘ता’ सरासरी एकदा-दोनदा येतील, आणि तीन किंवा चार मिळून चोवीसच्या आसपास. ज्या मुलाने हे एकदा हाताने केलं, त्याला पी-व्हॅल्यू म्हणजे काय हे पुन्हा समजावावं लागत नाही. शून्य परिकल्पना खरी धरली तर असं किती वेळा दिसेल, हे त्याने बोटांनी मोजलेलं असतं.

आता टी-टेस्ट, म्हणजे छोट्या नमुन्याची सरासरी दाव्यापेक्षा खरोखर वेगळी आहे का हे तपासणारी चाचणी. सकाळी पदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत येतो त्याच्याकडून पाव घ्या. समजा पावाचं वजन ५० ग्रॅम असल्याचं सांगितलं जातं, आणि घरात एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा आहे. एकाच दिवशी दहा पाव घेऊन मोजू नका. एका भट्टीतले, एकाच कणकेचे पाव एकमेकांसारखे निघतात, आणि टी-टेस्टला प्रत्येक मोजमाप दुसऱ्यापासून स्वतंत्र हवं असतं. दहा वेगवेगळ्या दिवशी एकेक पाव बाजूला काढा, आणि प्रत्येक दिवशी घरी आणल्यावर तेवढ्याच वेळाने वजन करा, कारण पाव थंड होताना त्यातली वाफ जाते. हा सराव वेळखाऊ आहे, पण नमुना कसा गोळा करायचा हे शिकायला मला यापेक्षा चांगला मार्ग माहीत नाही.

हिशेब दाखवण्यापुरते मी हे आकडे घेते: ४८, ५१, ४७, ४९, ५०, ४६, ५२, ४८, ४९, ४७. बेरीज ४८७, सरासरी ४८.७. प्रत्येक वजनातून सरासरी वजा करून वर्ग घ्या. वर्गांची बेरीज ३२.१ येते. तिला ९ ने भागा, दहाने नव्हे: ३.५६७. वर्गमूळ १.८९, हे प्रमाण विचलन, म्हणजे वजनं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचं माप. दहाच्या वर्गमूळाने, म्हणजे ३.१६ ने, भागलं की प्रमाण त्रुटी (सरासरीतल्या अनिश्चिततेचं माप) सुमारे ०.५९७. सरासरी आणि दावा यांतला फरक उणे १.३. त्याला ०.५९७ ने भागलं की टी = –२.१८.

टी-टेस्टच्या टेबलात ९ डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या (मोजमापांच्या संख्येपेक्षा एक कमी) ओळीवर बोट ठेवा. ५ टक्के पातळीला दोन्ही बाजूंच्या चाचणीची सीमा २.२६२ आहे. आपला आकडा चिन्ह सोडून २.१८. म्हणजे शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. त्याच ओळीत एका बाजूच्या चाचणीची सीमा १.८३३ आहे. तिथे आपण सहज पलीकडे जातो, म्हणजे नाकारता येते! वजनं तीच, पाव तेच, निकाल उलटा. दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू सुमारे ०.०५७, एका बाजूची तिच्या निम्मी, ०.०२९.

मग खरं उत्तर कोणतं? वजन करण्याआधी तुम्ही वहीत जे लिहिलं होतं ते. ‘पाव ५० पेक्षा हलका निघतो का’ अशी तक्रार तपासायची होती, आणि जड निघाला तर तुम्हाला काही फरक पडत नव्हता, तर एक बाजू. ‘पाव ५० ग्रॅमचा आहे का’ एवढाच प्रश्न होता तर दोन बाजू. काट्यावरचे आकडे पाहून, सरासरी खाली दिसतेय म्हणून, एका बाजूची चाचणी निवडली तर तुम्ही ५ टक्क्यांच्या नावाखाली प्रत्यक्षात १० टक्क्यांची चूक पत्करताय. हे मी फळ्यावर जितक्या वेळा लिहिते तितकं थोडंच. वहीतल्या तारखेचं महत्त्व इथे कळतं.

(टी-टेस्टही एका कारखान्यातूनच आली. डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना अगदी छोट्या नमुन्यांवरून निर्णय घ्यायचे असत. १९०८ मध्ये त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती पद्धत छापली. दहा पावांवर काम भागतं ते त्यामुळेच.)

आता शेवटचं वाक्य. यासाठी वेगळा सराव ठेवा: गणित सोडवलेलं घ्या आणि फक्त निष्कर्ष पुन्हा पुन्हा लिहा. दोन बाजूंच्या चाचणीनंतर ‘पाव ५० ग्रॅमचे आहेत हे सिद्ध झालं’ हे चूक. ‘पाव ५० ग्रॅमचे असण्याची शक्यता ५.७ टक्के’ हेही चूक, आणि हे फार शिकलेली माणसंही लिहितात. पी-व्हॅल्यू परिकल्पना खरी असण्याची शक्यता सांगत नाही, असं अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये निवेदन काढून सांगावं लागलं. बरोबर वाक्य असं: ‘या दहा पावांवरून सरासरी वजन ५० ग्रॅमपेक्षा वेगळं आहे असं ५ टक्के पातळीवर म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही.’ त्यालाच जोडून ९५ टक्के विश्वास अंतर, म्हणजे खरी सरासरी जिथे असू शकेल असा या आकड्यांशी जुळणारा पट्टा, द्या: ४८.७ मध्ये २.२६२ गुणिले ०.५९७, म्हणजे १.३५, मिळवा आणि वजा करा. ४७.३५ ते ५०.०५. आता वाचणाऱ्याला दिसतं की ५० आत आहे, पण उंबरठ्यावर. नुसतं ‘नाकारता येत नाही’ लिहिलं असतं तर ही गोष्ट लपली असती. परीक्षेत मागितलं नसलं तरी मी मुलांना हे अंतर लिहायला लावतेच.

वर्गात किंवा मित्रांच्या गटात आणखी एक सराव जरूर करा. वीस जणांनी प्रत्येकी एक नाणं वीस वेळा उडवायचं. छापे ५ किंवा कमी, अथवा १५ किंवा जास्त आले तर ‘नाणं खोटं आहे’ असं जाहीर करायचं. नाणी खरीच आहेत, तरी प्रत्येकाला खोटा आरोप करण्याची शक्यता सुमारे ४ टक्के आहे. वीस जणांत निदान एकजण तसा आरोप करेल याची शक्यता निम्म्याहून जास्त. ज्याच्या वाट्याला ते येतं तो खरोखर हादरतो, नाणं उलटसुलट करून बघतो. पहिल्या प्रकारची चूक (शून्य परिकल्पना खरी असताना ती नाकारणं) म्हणजे काय हे तेव्हा पटतं, आणि वीस चाचण्या करून त्यातली एकच छापणाऱ्यांवर विश्वास का ठेवू नये हेही.

कोणती चाचणी वापरायची हे ओळखण्याचा सराव मात्र आकड्यांशिवाय करा. नुसते प्रश्न लिहून काढा आणि पुढे चाचणीचं नाव. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि घराजवळच्या दुकानात दहा भाज्यांचे भाव टिपले, तर ती जोड्यांची टी-टेस्ट: भेंडीचा भाव भेंडीशीच ताडायचा. दोन स्वतंत्र गट धरले तर भेंडी आणि आलं यांच्या भावातल्या प्रचंड फरकात बाजारांमधला फरक बुडून जातो. मुलगे आणि मुली यांच्यात कोण चहा पितं, कोण कॉफी, तर काय-स्क्वेअर (गटांमधली मोजणी ताडणारी चाचणी), पण तक्त्याच्या कप्प्यात माणसं मोजलेली हवीत, टक्के नव्हेत.

आणि नमुना किती घ्यायचा? पावाची खरी सरासरी ४९ असेल आणि प्रमाण विचलन १.९, तर दहा पावांची दोन बाजूंची चाचणी हा फरक साधारण तीनातून एकदाच पकडते. स्प्रेडशीटमध्ये सरासरी ४९ आणि विचलन १.९ देऊन दहा यादृच्छिक वजनं तयार करा, टी काढा, तीच ओळ खाली हजार वेळा ओढा आणि किती वेळा २.२६२ ओलांडलं ते मोजा. मग दहाच्या जागी वीस, तीस घालून बघा. दहापैकी आठ वेळा फरक पकडला जाईल इतके पाव किती लागतात ते काढा, आणि तेवढे दिवस पदेराकडून पाव घ्यायची तयारी असेल तरच काटा बाहेर काढा.