रात्री घर सोडावं लागलं तर कुठे जायचं, आणि घरावरचा हक्क जातो का?

"घर सोडू नकोस, एकदा बाहेर पडलीस की हक्क गेला" असं बायकांना इतक्यांदा ऐकवलं जातं की मार खाऊनही त्या तिथेच राहतात. म्हणून आधी हेच सांगते, हक्क जात नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, कलम १७ मध्ये, नवऱ्याच्या घरात राहायचा हक्क दिलाय, घर तुमच्या नावावर नसलं तरी. सासूसासऱ्यांच्या नावावर असलेलं घरही यात येऊ शकतं, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तसा निकाल दिलाय. म्हणजे आज रात्री जीव वाचवणं एक आणि नंतर त्या छपरावर हक्क सांगणं दुसरं, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीसाठी दुसरी सोडावी लागत नाही.

तयारी आधीपासून ठेवा. आधार, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला यांचे फोटो काढून मैत्रिणीला पाठवा आणि आपल्या फोनमधून डिलीट करा, शक्य असेल तर झेरॉक्सही तिच्याकडे ठेवा. फोनचं लोकेशन त्याला दिसतंय का, गुगल अकाउंट त्याच्या फोनवर लॉगिन आहे का, हेही बघा, हे बऱ्याच जणींच्या लक्षातच येत नाही. शेजारणीशी एखादं साधं वाक्य ठरवून ठेवा, "उद्या दूध जास्त घ्या" म्हटलं की तिने ११२ ला फोन करायचा.

माहेरी जावंसं वाटणारच, पण तो शोधत आला तर पहिल्यांदा तिथेच येईल, म्हणून धोका मोठा असेल तर माहेर थोडं नंतर. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला की जवळचं सखी वन स्टॉप सेंटर कुठे आहे ते कळतं. तिथे साधारण ५ दिवस राहता येतं, वकील, समुपदेशन, पोलिसांची मदत एकाच ठिकाणी मिळते. मुली सोबत चालतात, मुलगे मात्र ठराविक वयापर्यंतचेच, त्यामुळे मुलगा मोठा असेल तर फोनवरच विचारून घ्या. जास्त दिवस राहायचं असेल तर ते पुढे शक्ती सदनसारख्या निवाऱ्यात पाठवतात.

लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात जा आणि एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या जखमांची कायदेशीर नोंद, करून घ्या, नुसती मलमपट्टी करून परत येऊ नका, तो कागद कोर्टात फार कामाचा असतो. मग संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला भेटा, ते डीआयआर, म्हणजे घडलेल्या हिंसाचाराचा अहवाल, भरून मॅजिस्ट्रेटकडे देतात. कोर्ट त्याला जवळ येऊ नको असा संरक्षण आदेश देऊ शकतं आणि वेगळ्या आदेशाने घराबाहेरही काढू शकतं. संरक्षण आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाईचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, नंबर १५१००.

आणि हे वाचणाऱ्या शेजाऱ्यांना, भिंतीपलीकडून आवाज येत असेल तर तुम्हीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकता, चांगल्या हेतूने माहिती दिली म्हणून तुमच्यावर केस होत नाही, याच कायद्याच्या कलम ४ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.