सिल्व्हर स्क्विल पावसाळ्यात सडतंय, ठिपके जातायत? ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

चंदेरी पानं, त्यावर गडद हिरवे ठिपके, पानाची मागची बाजू जांभळट आणि खाली मातीवर दाटीवाटीने बसलेले छोटे छोटे जांभळे कांदे. हेच ते सिल्व्हर स्क्विल, बोटॅनिकल नाव लेडेबुरिया सोशिआलिस. नर्सरीत बघितलं की हात आवरत नाही, आणि दिवाळीनंतर आणलं तर उन्हाळ्यापर्यंत एकदम झकास दिसतं. मग जून उजाडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक बागकाम ग्रुपवर तोच फोटो येतो, पानं आडवी पडलेली, बुडाशी पिवळी, आणि खाली लिहिलेलं की पाणी तर रोज घालते हो, तरी असं का झालं.

रोज घातलं म्हणूनच झालं. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप भागातलं, तिथे झुडपांच्या सावलीत वाढतं, पाऊस बेताचाच, म्हणून ते पाणी स्वतःच्या कांद्यात साठवून ठेवतं आणि मध्ये कोरडे दिवस आले तरी त्यावर निभावून नेतं. आपल्याकडे ठाण्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, वर हवेत इतका दमटपणा की टॉवेल वाळत नाही. अशा हवेत ज्याच्याकडे आधीच पाण्याचा साठा आहे त्याला आपण वरून आणखी पाजतो. बाकी सगळ्या चुका माफ होतात पण ही होत नाही, म्हणून बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी पक्कं करा, कांदे मातीच्या वर आणि कुंडी पावसाच्या आत.

कांदे मातीत पुरू नका

आपल्याला सवय असते निशिगंधाची, लिलीची, म्हणजे कांदा आला की खड्डा करून आत पुरायचा. इथे नेमकं उलटं आहे. सिल्व्हर स्क्विलचे कांदे नैसर्गिकरीत्याच मातीवर बसतात, फक्त तळ आणि मुळं आत. कांद्याचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा दिसला पाहिजे. पुरलेल्या कांद्याच्या पाकळ्यांमध्ये ओल अडकून राहते, हवा लागत नाही, आणि सड तिथूनच सुरू होते, वरून पानं हिरवी दिसत असतात तोवर आपल्याला कळतही नाही. पुष्कळदा नर्सरीतूनच कांदे गळ्यापर्यंत गाडलेले येतात, तेव्हा घरी आणल्यावर बोटाने माती बाजूला करून बघाच.

अजून एक फायदा असा की कांदा उघडा असला की झाड काय म्हणतंय ते थेट कळतं. अंगठ्याने हलकं दाबून बघा. टणक असेल तर पाणी नको. थोडा सुरकुतला असेल, पण मऊ नाही, तर तहान लागलीय, घाला पाणी. आणि पिचपिचीत लागला, दाबल्यावर आत गेला, तर पाणी बंद आणि लगेच कुंडीतून बाहेर. मोबाईलमध्ये पाणी घालायचे रिमाइंडर लावण्यापेक्षा ही दाबून बघायची पद्धत शंभरपट चांगली, कारण घोडबंदरला पंधराव्या मजल्यावर वारा सुटलेल्या बाल्कनीत माती जेवढ्या दिवसांत सुकते तेवढ्या दिवसांत नौपाड्यातल्या तळमजल्याच्या खिडकीत सुकणार नाही, सगळ्यांना एकच टाइमटेबल देता येत नाही. तरी अंदाज हवाच असेल तर उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, थंडीत दहा-बारा दिवसांनी आणि पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, तेही कांदा बघूनच.

कांद्यावरची वाळकी कागदासारखी सालं काढायची का असं बरेच जण विचारतात. जी सुटी झालीयत ती अलगद काढा, कारण त्यांच्याखाली ओल आणि किडे दोन्ही लपतात. जी घट्ट चिकटलीयत ती राहू द्या.

नुसतं कोकोपीट असेल तर बदला

नर्सरीवाल्यांना कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, परवडतं, हलकं असतं, गाडीत भरायला सोपं, त्यांचं काही चुकत नाही. पण आपल्या घरात ते वरून सुकलेलं दिसतं आणि आत गोळा ओलाच असतो, पावसाळ्यात तर आठवडेच्या आठवडे. त्यात ते बारीक काळे माश्यांसारखे किडे पण होतात, ते दिसले की समजा माती गरजेपेक्षा जास्त ओली राहतेय.

मिक्स असं करा, एक भाग लाल माती, अर्धा भाग गांडूळखत, आणि दोन भाग काहीतरी खरबरीत, म्हणजे परलाइट (पांढरे हलके खडे), सिंडर (जळलेल्या कोळशाचे खडे) किंवा विटांचे बारीक तुकडे. विटांचे तुकडे कुठल्याही बांधकामाच्या साइटजवळ मिळतात आणि ठाण्यात त्याची कमी नाही, फक्त चाळून त्यातली भुकटी काढून टाका कारण भुकटीने पुन्हा चिखलच होतो. समुद्रावरून वाळू उचलून आणू नका, त्यातलं मीठ मुळांना बाधतं. तयार मिक्स कुंडीत भरून वरून पाणी ओता, काही सेकंदांत खालून बाहेर पडायला हवं, वर साचून राहिलं तर अजून खडा वाढवा. कुंडी मातीची, पसरट आणि लहानच घ्या, याला दाटीवाटीत राहायला आवडतं. मोठ्या कुंडीत उरलेली माती उगाच ओली राहते. आणि खालच्या प्लेटमध्ये साचलेलं पाणी फेकून द्या प्लीज.

पावसाळ्यात जागा बदला

पहिल्या पावसाच्या आधीच कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या कडेवरून आत घ्या. बॉक्स ग्रिलला वर पत्रा आहे म्हणजे झालं असं नाही, आपल्याकडे पाऊस आडवा येतो, खाडीकडे तोंड असलेल्या ऐरोली-वाशीच्या बिल्डिंगमध्ये तर जास्तच. वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांचं पाणी आणि एसीचं थेंब थेंब गळणारं पाणी या दोन गोष्टी कोणाच्या लक्षात येत नाहीत, बाकी सगळं बरोबर करून पण झाड सडत असेल तर आधी मान वर करून बघा. आत घेतल्यावर अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नका, खिडकीजवळ आणि हवा खेळती हवी. ऑक्टोबर सुरू झाला, आभाळ मोकळं झालं की परत बाहेर.

तरी सडलंच तर

घाबरू नका, सगळा झुबका एकदम जात नाही. कुंडी उलटी करा, माती झटका, मुळं आणि कांदे धुऊन घ्या आणि एकेक कांदा वेगळा करून तपासा. जो पूर्ण मऊ झालाय, वास येतोय, तो फेका. जो अर्धाच खराब आहे तो स्वच्छ पुसलेल्या ब्लेडने पांढरा टणक भाग लागेपर्यंत कापा, प्रत्येक कापानंतर ब्लेड परत सॅनिटायझरने पुसा. कापलेल्या जागी ‘साफ’ (SAAF) नावाचं किंवा तसंच कुठलंही बुरशीनाशक लावा, घरात नसेल तर दालचिनीची पूड. मग सावलीत, पेपरवर, तीन-चार दिवस उघडे ठेवा, पावसाळ्यात पंखा चालू असलेल्या खोलीत आठवडाभर ठेवले तरी चालतं, कांद्याला काही होत नाही, त्याच्याकडे स्वतःचं पाणी आहे. लोक घाई करतात ती इथेच, ओला घाव घेऊन ओल्या मातीत लावतात आणि दुसऱ्यांदा सडवतात. कोरड्या मिक्सवर ठेवा, पहिलं पाणी आठवड्यानंतर.

ठिपके फिके झाले, पानं लांबुडकी झाली

उजेड कमी पडतोय. टीव्ही युनिटवर शो म्हणून ठेवलं की दोन-तीन महिन्यांत पानं लांब, लोळणारी आणि नुसती हिरवट होतात. पूर्वेची खिडकी सगळ्यात बेस्ट, सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास आणि बाकी दिवस लख्ख उजेड. पण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हीटमध्ये पश्चिमेचं दुपारचं ऊन थेट लागू देऊ नका, चंदेरी पानांवर तपकिरी चट्टे पडतात आणि ते परत जात नाहीत, नवीन पान येईपर्यंत तसंच बघावं लागतं. हिरवी शेडनेट लावा किंवा दुसऱ्या मोठ्या झाडाच्या मागे सरकवा. आतून बाहेर नेतानासुद्धा एकदम उन्हात नको, आठवडाभर हळूहळू.

तुमच्याकडे नक्की हेच झाड आहे ना?

हा घोळ फार होतो. याच नावाने, किंवा लेपर्ड लिली म्हणून, बऱ्याचदा ड्रिमिऑप्सिस विकतात. त्याची पानं जास्त रुंद आणि मांसल, हिरव्यावर गडद हिरवे ठिपके, चंदेरी झाक नाही, आणि फुलं पांढरी, दांड्याच्या टोकाशी गुच्छात. सिल्व्हर स्क्विलची फुलं बारीक घंटेसारखी, हिरवट-गुलाबी, आत जांभळे तंतू. फरक का महत्त्वाचा, तर ड्रिमिऑप्सिस कोरड्या दिवसांत पानं टाकून झोपी जातं आणि लोकांना वाटतं मेलं, मग कुंडी रिकामी करतात किंवा जगवायला म्हणून आणखी पाणी ओततात. त्याचे कांदे टणक आहेत ना, मग कुंडी कोरडी ठेवून बाजूला ठेवा, पावसाच्या सुमारास परत फुटतं. सिल्व्हर स्क्विल मात्र आपल्या हवेत बहुतेक वर्षभर पानांत असतं, त्याची सगळी पानं एकदम गळायला लागली तर ती झोप नाही, मुळांशी काहीतरी बिघडलंय.

आणि ही जमात काही परकी नाही बरं का. लेडेबुरिया हे नाव १८२१ मध्ये रोथ नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने दिलं ते भारतातल्याच एका झाडावरून, आणि आपल्या सह्याद्रीच्या कातळांवर त्यातली जात पहिल्या पावसात ठिपक्यांची पानं घेऊन उगवते. ट्रेकला दिसली तर उपटून आणू नका, तिथेच राहू द्या.

मिलीबग

पांढऱ्या कापसासारखी ही रस शोषणारी कीड कांद्यांच्या फटीत दिसली की त्याच दिवशी कुंडी वेगळी करा. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, मग लिटरला पाच मिली नीम ऑइल आणि थोडं लिक्विड सोप मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. फक्त पानांवर मारून उपयोग नाही, ते सालांच्या आत बसलेले असतात, म्हणून सुटी सालं काढायला सांगितलं.

खताचं म्हणाल तर ऑक्टोबर ते मार्चमध्ये महिन्यातून एकदा १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत), लिटरला एक ग्रॅम, बास. तांदळाचं पाणी, ताक, कांद्याच्या सालीचं पाणी हे प्रयोग दुसऱ्या झाडांवर करा, इथे नुसती बुरशी होते.

घरात लहान मुलं, मांजर असेल तर

हे कांदे विषारी आहेत आणि दिसतात अगदी सांबार कांद्यासारखे, म्हणून किचनच्या खिडकीत पातीच्या कांद्याशेजारी ही कुंडी कधीच ठेवू नका. आपल्या कोकणातला कोळकांदा याच्याच नात्यातला, तोही विषारी. वेगळे केलेले कांदे ओट्यावर वाळत घालू नका, आणि काम झाल्यावर हात धुवा.

शेजारी-मैत्रिणींना वाटायचं असेल तर दोन-तीन वर्षांत कुंडी गच्च भरते तेव्हा वाटा, पण जून-जुलैमध्ये नको, पाऊस गेल्यावर किंवा फेब्रुवारीत. स्वतःची मुळं असलेले कांदे हाताने हलकेच सुटे करा आणि एकटा एक लावण्यापेक्षा तीन-चारचा झुबका द्या, लवकर रुजतो. ज्यांना द्याल त्यांना सांगून ठेवा, पहिले चार-पाच दिवस पाणी नाही.