आईचा अंगठा आणि भाडेकरार
विश्रामबागेतला आमचा वरचा मजला आधी दिला तेव्हा नुसती स्टॅम्पवर नोटरी केली होती. ती चूक महागात पडली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात. डिपॉझिटवरून आमचं तेच झालं.

या वेळी ऑनलाइन लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता घर वापरायला देण्याचा करार केला, ११ महिन्यांचा. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क; शहरात नोंदणी फी १,००० रुपये.

अडलं ते आईपाशी. घर तिच्या नावावर, ऑनलाइन नोंदणीत अंगठा आधारशी जुळावा लागतो, आणि तिचा अंगठा मशीन घेईना. वर्षानुवर्षं हळद निवडून बोटांच्या रेषाच झिजल्यात. हात धुऊन, पुसून, कोमट पाण्यात धरून चारदा पाहिलं. शेवटी आधार केंद्रात ठसे अपडेट केले, काही दिवस थांबलो. मग पहिल्याच दाबाला जुळलं. आईचा चेहरा बघण्यासारखा होता!

भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात त्याच आठवड्यात दिली.