एकोणिसाव्या शतकातला आफ्रिकानर पूर्वज शोधताय? या चुका टाळा

आफ्रिकानर म्हणजे दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या, मुख्यतः डच गोऱ्यांचे वंशज. अशा घराण्याची वंशावळ काढायला बसलं की सुरुवातीला फार सोपं वाटतं. आडनाव टाकलं की केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या वसाहतीत, उतरलेल्या मूळ पुरुषापर्यंतची आयती झाडं ऑनलाइन मिळतात, तीही बी३सी५डी२ अशा भारदस्त क्रमांकांसकट. मूळ पुरुष ‘ए’, त्याचं तिसरं अपत्य बी३, त्या अपत्याचं पाचवं मूल सी५, अशी ती पद्धत. पण क्रमांक दिसला म्हणजे पुरावा मिळाला असं नाही. या क्रमांकांच्या मुळाशी डी व्हिलियर्स यांचं १८९३-९४ मध्ये छापलेलं, केपच्या जुन्या घराण्यांच्या वंशावळींचं काम आहे, जे पामा यांनी १९६६ मध्ये सुधारून काढलं. ते मुख्यतः केपमधल्या चर्चच्या नोंदींवर उभं आहे. त्यामुळे जी शाखा केप सोडून उत्तरेला गेली, तिच्या पुढच्या पिढ्या तिथे बहुधा तुटक मिळतात आणि ती गॅप मग कोणीतरी अंदाजाने भरतं. झाड चुकतं ते बहुतेक वेळा इथेच, एकोणिसाव्या शतकात.

नाव जुळलं, म्हणजे माणूस सापडला?

सगळ्यात जास्त झाडं या एका चुकीने बिघडतात, म्हणून इथे जरा थांबू.

आफ्रिकानर घरांत नावं ठेवायची रीत ठरलेली होती. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा बापाच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. आता योहानेस याकोबस नावाच्या आजोबांना चार मुलगे असतील, तर चौघांच्याही घरी थोरला नातू योहानेस याकोबस! आडनाव एक, जिल्हा एक, वयात पाच-सात वर्षांचं अंतर. त्यात एखादं मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. म्हणजे एकाच आईबापांच्या पोटी त्याच नावाचे दोन बाप्तिस्मे दिसले, तर ती नक्कल असेलच असं नाही.

उपाय एकच: एकट्या पुरुषाचा पाठलाग करू नका, जोडपं धरा. चांगली गोष्ट अशी की डच वळणाच्या या कागदांत बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने नोंदलेली असते. आपल्याकडच्या जुन्या वंशावळींत सून बरेचदा नुसत्या बदललेल्या नावाने उरते, तिथे माहेर शोधताना जीव जातो. इथे ते समोरच लिहिलेलं असतं. नवरा-बायको दोघांची पूर्ण नावं जुळली, तरच पुढे जा. बाप्तिस्म्याचे साक्षीदारही उतरवून घ्या. ते बरेचदा आजी-आजोबा किंवा काका-मावशी निघतात, आणि चार योहानेसांपैकी आपला कुठला हे तेच सांगून जातात.

डेथ नोटिस म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे

केपमध्ये जन्म-मृत्यूची सक्तीची सरकारी नोंद १८९५ पासूनची. त्याआधीचा दाखला मागत बसलात तर हाती काही लागणार नाही. खरा खजिना आहे डेथ नोटिस. १८३४ पासून केपमध्ये मास्टर ऑफ द सुप्रीम कोर्टच्या कार्यालयात मालमत्तेच्या कामासाठी हा फॉर्म भरला जायचा. मृताचं नाव, जन्मस्थान, आईवडील, वय, जोडीदार, मुलं, मालमत्ता, सगळं एका कागदावर.

मात्र हा कागद कोणी भरला ते आधी बघा. खाली सही असते. विधवेने भरला असेल तर मुलांची यादी सहसा पक्की. जावयाने किंवा शेजाऱ्याने भरला असेल तर मृताच्या आईवडिलांच्या रकान्यात ‘माहीत नाही’ तरी असतं, नाहीतर ऐकीव काहीतरी. वय तर अंदाजेच धरा.

नोटिस सापडतच नसेल, तर तीन गोष्टी तपासा. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘नायर्स’ या ऑनलाइन सूचीत विभाग बरोबर निवडलाय का? विभाग जुन्या चार प्रांतांप्रमाणे आहेत: केप म्हणजे केएबी, ट्रान्सवाल टीएबी, फ्री स्टेट व्हीएबी, नाताळ एनएबी. माणूस केपमध्ये जन्मला आणि फ्री स्टेटमध्ये वारला, तर फाइल फ्री स्टेटमध्ये. दुसरं, सूचीतलं वर्ष फाइलचं असतं, मृत्यूचं असेलच असं नाही, म्हणून पुढची काही वर्षंही चाळा. तिसरं, बायकोच्या माहेरच्या नावाने शोधून बघा. नवरा-बायकोचं एकत्र मृत्युपत्र ही तिथली नेहमीची पद्धत, त्यामुळे दोघांची माहिती एकाच फाइलमध्ये निघू शकते. सूचीत फक्त फाइलचा पत्ता मिळतो, कागद नाही. बऱ्याच कागदांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर आहेत.

बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून लिहिणं

पुढे ट्रान्सवालचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या पॉल क्रुगर यांचंच बघा. जन्म १० ऑक्टोबर १८२५, बाप्तिस्मा क्रॅडॉकला मार्च १८२६ मध्ये. पाच महिन्यांचं अंतर! चर्च दूर, प्रवास बैलगाडीचा. ‘नाखमाल’, म्हणजे वर्षातून काही वेळा होणाऱ्या प्रभुभोजनासाठी सगळं कुटुंब निघायचं, तेव्हाच तान्ह्या पोराचा बाप्तिस्माही उरकायचा. ग्रेट ट्रेकच्या, म्हणजे ब्रिटिश अंमल नको म्हणून केप सोडून उत्तरेला झालेल्या स्थलांतराच्या काळात तर पाद्रीच दुर्मीळ. अँड्र्यू मरे १८४९ मध्ये ब्लूमफाँटेनला नेमले गेले आणि तिथून व्हाल नदीपलीकडे दौरे करून त्यांनी ढीगभर बाप्तिस्मे केले. तेव्हा एकाच दिवशी तीन भावंडांची नोंद दिसली तर तिळी समजू नका.

नोंद एनजीके या मुख्य डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये नसेल, तर ट्रान्सवालच्या हेर्फोर्म्ड चर्चमध्ये आणि १८५९ मध्ये रुस्टेनबर्गला निघालेल्या खेरेफोर्मीर्ड चर्चमध्ये बघा. क्रुगर या शेवटच्या चर्चचेच.

गावाच्या बाबतीतही असाच घोळ. क्रुगर यांचा जन्म स्टेन्सबर्गजवळच्या बुल्हुकला की कोल्सबर्गकडच्या व्हालबँकला, यावर वाद आहे. पण १८२५ मध्ये यातलं एकही गाव वसलेलं नव्हतं! कोल्सबर्ग १८३० चं, स्टेन्सबर्ग १८७२ चं. कागदावर ‘ग्राफ-रेनेट’ असेल तर तो अख्खा अवाढव्य जिल्हा असू शकतो. आणि रीटफाँटेन नावाचे फार्म इतके आहेत, की जिल्हा माहीत नसेल तर ते नाव कुचकामी.

घरातल्या गोष्टी तशाच्या तशा उतरवणं

‘आमचे पणजोबा ट्रेकमध्ये होते’ हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. प्रत्यक्षात बहुसंख्य लोक केपमध्येच राहिले. पुरावा मिळेपर्यंत ही गोष्ट टिपणात ठेवा, झाडात नको.

उलट दिशेची चूक म्हणजे नको असलेली माणसं गाळणं. केपला भारतातून, विशेषतः बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून, गुलाम नेले जात. बंगालची अँजेला १६६६ मध्ये मुक्त झाली, १६६९ मध्ये तिने आर्नोल्डस बासोनशी लग्न केलं, आणि आज असंख्य आफ्रिकानर घरांची ती पूर्वज आहे. माणसांची वंशानुसार वर्गवारी करणाऱ्या १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानंतर अशा आज्या लपवायला लोकांना सबळ कारण होतं. झाडात एखादी बाई नुसती ‘केपची’ किंवा ‘बंगालची’ म्हणून दिसली, तर रकाना कोरा ठेवून पुढे जाऊ नका.

युद्धाचे कागद विसरणं

१८९९-१९०२ च्या अँग्लो-बोअर युद्धात इंग्रजांनी बोअरांचे, म्हणजे आफ्रिकानर शेतकऱ्यांचे, फार्म जाळले, आणि त्यांतच घराघरांतली जन्म-मृत्यू लिहिलेली बायबलं गेली. पण त्याच युद्धाने दुसरे कागद तयार केले. छळछावण्यांच्या नोंदवह्यांत बायका-मुलांची नावं, वयं आणि फार्म सापडतात. केप टाउन विद्यापीठाने त्यांचा डेटाबेस केला आहे. पुरुष पकडला गेला असेल तर तो सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन किंवा भारतात पाठवला गेला असण्याची शक्यता आहे. भारतातल्या छावण्यांपैकी एक आपल्या नगरला होती. मात्र पूर्वज नगरला होता असं कळलं म्हणून यादीसाठी नगरला पत्रं पाठवू नका. कैद्याचं वय, पत्ता, कुठे आणि कधी पकडला, ही माहिती ब्लूमफाँटेनच्या अँग्लो-बोअर युद्ध संग्रहालयाकडे विचारा. त्यातलं वय डेथ नोटिसशी जुळलं नाही, तर दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि निकाल बाप्तिस्म्याच्या नोंदीवर सोडा.