माजी सैनिकाचे छप्पर आणि मनःस्वास्थ्य : ग्वाल्हेरात त्याच्याबरोबर जाणाऱ्यासाठी

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिच्यातूनच लश्कर ही वस्ती उभी राहिली. आजही महाराज बाड्याभोवतीच्या गल्ल्यांत, दौलतगंजात, शिंदे की छावणीत मराठी घरे आहेत आणि त्यांतल्या काही घरांत भिंतीवर गणवेशातला एखादा फोटो आहे. त्या फोटोतला माणूस कधीकधी वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत एकटा राहत असतो, त्याचे तीन महिन्यांचे भाडे थकलेले असते, रात्रीची झोप उडालेली असते, आणि यातले काहीच खालच्या मजल्याला ठाऊक नसते. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्याबरोबर जाऊ शकेल अशा पुतण्यासाठी, शेजाऱ्यासाठी किंवा पलटणीतल्या जुन्या सोबत्यासाठी लिहिले आहे. कारण ज्याने आयुष्यभर हुकूम पाळला, त्याला कचेरीच्या खिडकीशी एकट्याने उभे राहून मदत मागणे फार जड जाते.

माझे काका तोफखान्यातून नायक म्हणून निवृत्त झाले. काकू गेल्यानंतर त्यांचे बोलणे कमी झाले, जेवणाच्या वेळा चुकू लागल्या आणि एके दिवशी घरमालकाने त्यांची काळी पत्र्याची पेटी जिन्यात आणून ठेवली. त्या पेटीवर त्यांचे नाव आणि क्रमांक पांढऱ्या रंगात, सुबक अक्षरांत लिहिलेला होता. आम्ही सर्वांनी समजूत करून घेतली की सगळा पैसा दारूत गेला. प्रत्यक्षात हयातीचा दाखला न दिल्यामुळे त्यांचे निवृत्तिवेतन पाच महिन्यांपासून बंद होते आणि ते कुणाला सांगण्याची त्यांना लाज वाटत होती. दारू होती, परंतु ती नंतर वाढली होती. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, घर आणि मन या दोन वेगळ्या तक्रारी मानू नयेत. एक बिघडले की दुसरे बिघडते, आणि दोन्हींचे काम एकाच आठवड्यात हाती घ्यावे लागते.

सर्वांत आधी आजच्या रात्रीचा प्रश्न सोडवावा. घरमालकाशी स्वतः बोलून निदान पंधरा दिवसांची मुदत मागावी. पेन्शन पुन्हा सुरू झाली की थकबाकी मिळते हे त्याला समजावून सांगितले, तर बहुतेक घरमालक थांबतात. खोली सुटलेलीच असेल, तर नातेवाइकाकडे सोय होईपर्यंत नगर निगमाचा रैनबसेरा, म्हणजे रात्रनिवारा, हा पर्याय आहे. राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाखाली उभारलेले निवारे वर्षभर, चोवीस तास उघडे ठेवावेत असा नियम आहे. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी आणि जूनमधले ऊन पाहता वृद्ध माणसाला एक रात्रही उघड्यावर काढू देऊ नये. मात्र त्याला तिथे नुसते पोहोचवून परत येऊ नये. पेटी, औषधे आणि कागद यांची जबाबदारी आपण घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता येणार ते सांगून त्याच वेळी जावे. सैनिक वेळेवर विश्वास ठेवतो. दहा म्हटले तर दहालाच पोहोचावे.

यानंतर पेटी उघडावी, पण ती त्याच्याच हातून. डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक), पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), माजी सैनिकाचे ओळखपत्र, आधार, बँकेचे पासबुक आणि मध्य प्रदेशात जवळजवळ प्रत्येक योजनेसाठी लागणारा समग्र आयडी हे कागद वेगळे काढावेत व त्यांच्या तीन-तीन प्रती कराव्यात. डिस्चार्ज बुक हरवले असेल, तर पोलिसांत नोंद करून संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा लागतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे सागरला आणि सिग्नल्सचे जबलपूरला आहे. अर्जात सैनिक क्रमांक हमखास लिहावा. कागद गेले तरी तो क्रमांक त्याला तोंडपाठ असतो, आणि बऱ्याचदा पेटीच्या झाकणावरही असतो.

पेन्शन थांबली असेल, तर कारण शोधण्यापूर्वी हयातीचा दाखला भरलेला आहे की नाही ते पाहावे. संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या प्रणालीतून, प्रयागराजच्या लेखा कार्यालयामार्फत दिले जाते आणि दाखला वर्षातून एकदा द्यावाच लागतो. जीवन प्रमाण ही डिजिटल सोय सामाईक सेवा केंद्रात (सीएससी), बँकेत आणि पोस्टात मिळते. बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धांसाठी मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवण्याचीही सोय आहे. काकांचे ठसे तीनदा उमटले नाहीत, तेव्हा एका खिडकीवर त्यांना पुढच्या महिन्यात येण्यास सांगण्यात आले होते आणि ते मुकाट्याने परतले होते. आम्ही चेहऱ्यावरून तो दाखला दहा मिनिटांत भरला.

यापुढील केंद्र म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. या एका दारातून अनेक वाटा निघतात, म्हणून तिथल्या कल्याण संघटकाची ओळख करून घ्यावी आणि सर्व प्रसंग थोडक्यात लिहून न्यावा. पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी सेवेबाहेर पडलेल्या जवानाला सामान्यतः निवृत्तिवेतन नसते, आणि बेघर होण्याचा धोका अशांनाच अधिक असतो. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, निवृत्तिवेतन नसलेल्या व ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून निर्वाह अनुदान मिळते. ते पूर्वी दरमहा ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ते ८,००० रुपये करण्यात आले आहे. हा पैसा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतो, म्हणजे दर ७ डिसेंबरला आपण छोटासा ध्वज घेऊन जो डबा भरतो त्यातून. अर्ज याच कार्यालयातून पुढे जातो. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून अर्जाची पोच घेऊन ती जपून ठेवावी.

कायमच्या घराबाबत खोट्या आशा दाखवू नयेत. आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन १९७८ पासून सैनिकांसाठी ना नफा, ना तोटा या तत्त्वावर घरे बांधते, परंतु ती विकत घ्यावी लागतात. हाती काही नसलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही. शहरी प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला अर्ज करता येतो, आणि विधवा, दिव्यांग व ज्येष्ठ नागरिक यांना प्राधान्य आहे. तो अर्ज अवश्य करावा, पण त्यावर विसंबून खोली शोधणे थांबवू नये. कमरेखाली लुळेपणा आलेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीला आणि पंजाबात मोहालीला पुनर्वसन केंद्रे आहेत. अशा रुग्णासाठी सैनिक कल्याण कार्यालयामार्फत चौकशी करावी.

घर मुलाच्या नावावर करून दिले आणि मग मुलाने बाहेर काढले, ही गोष्ट सैनिकांच्याही घरांत घडते. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्याकडील न्यायाधिकरणात साध्या अर्जावर दाद मागता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, कलम २३ खाली परत मिळवता येते. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात न्यायाधिकरणाला ताबा परत देण्याचा आदेश काढता येतो असे सांगितले आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक आहे. कायदेशीर सल्ला विनामूल्य हवा असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. जुलै २०२५ पासून सैनिक मंडळांच्या कार्यालयांतही सैनिक-कुटुंबांसाठी विधी सहायता केंद्रे सुरू करण्याचे काम हाती घेतले गेले आहे.

आता मनाविषयी, आणि इथे मी मुद्दाम सावकाश लिहितो. सैनिकाला ‘तुम्हाला मानसिक त्रास आहे का’ असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येईल. त्याऐवजी झोप किती तास लागते, रात्री दचकून जाग येते का, पूर्वी आवडणारी कोणती गोष्ट आता नकोशी झाली आहे, असे विचारावे. आपल्या ग्वाल्हेर-चंबळच्या भागात लग्नसराईत फटाके आणि हवेत गोळीबार होतो. ज्याने चकमक पाहिली आहे, तो त्या रात्री दाराकडे पाठ न करता भिंतीला टेकून बसलेला दिसेल, अंगाला घाम सुटलेला दिसेल. याला भित्रेपणा म्हणू नये. आघातानंतर शरीर सतत पहाऱ्यावर राहते आणि त्यावर उपचार आहेत. वरात येणार असेल, तर आधी सांगून ठेवावे आणि त्या संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसावे.

निवृत्तिवेतनधारक असेल आणि ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड असेल, तर त्या योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये मूळ कार्ड घेऊन जावे. १ एप्रिल २००३ ला सुरू झालेल्या या योजनेत तिथले वैद्यकीय अधिकारी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात आणि औषधेही तिथून मिळतात. ‘उद्या मानसोपचाराला जायचे’ असे म्हणण्यापेक्षा ‘उद्या नऊ वाजता पॉलिक्लिनिकला रिपोर्ट करायचे, मी जिन्यात उभा असेन’ असे म्हटल्यास काम लवकर होते. कार्ड नसेल, तर जयारोग्य रुग्णालय आहे, आणि शिंदे संस्थानाच्या काळापासून चालत आलेली ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाळा आहे. सत्तर वर्षांवरील कोणालाही, उत्पन्न न पाहता, आयुष्मान कार्ड काढता येते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बरोबर जाणाऱ्याने थोडा तरी माहीत करून घ्यावा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, आणि निराधार व बेघर माणसाला सरकारी संस्थेत मानसिक उपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क कलम १८ देते; खिडकीवर कार्ड मागून परत पाठवू लागले, तर या कलमाचे नाव शांतपणे घ्यावे. घर नाही किंवा कुटुंब घरात घेत नाही एवढ्याच कारणावरून कुणालाही संस्थेत ठेवून घेता येत नाही, असे कलम १९ सांगते. म्हणून दाखल करण्याच्या दिवशीच सुटकेनंतर तो कुठे राहणार हे ठरवायला घ्यावे. तिसरी गोष्ट अगदी सोपी आहे: साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून त्याला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांबाबत त्याच्या वतीने बोलणारा माणूस, नेमता येतो. तो कागद असला की डॉक्टर तुमच्याशी बोलतात. रस्त्यावर भटकणारा आजारी माणूस पोलिसांनी संरक्षणात घेतला, तर त्याला लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांत, सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

दारूबाबत एक इशारा गंभीरपणे द्यावासा वाटतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची बाटली लपवून ‘आजपासून बंद’ असे घरच्यांनी परस्पर ठरवू नये. एकदम थांबवल्यास दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास, झटके येऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. दारू सोडवणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे. निवृत्तीनंतर पहारेकऱ्याची नोकरी करणाऱ्या अनेकांकडे परवान्याची स्वतःची बंदूक असते. माणूस निराश बोलू लागला, वस्तू वाटू लागला, ‘आता माझे काम संपले’ म्हणू लागला, तर ‘जीव द्यावासा वाटतो का’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे सोडू नये आणि शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. तात्पुरते जमा केल्याने परवाना जात नाही, हे त्याला आधी सांगावे, कारण बंदूक ही त्याची नोकरीही असते. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याने तो तीव्र ताणाखाली केला असे कायदा धरून चालतो, म्हणून पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात नेणे टाळू नये. तातडीच्या वेळी ११२ आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू असून त्यावर मराठीतही बोलता येते. सैन्यदलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला.

मानसिक आजारामुळेच सेवेतून बाहेर काढले गेले असेल आणि अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाकारले गेले असेल, तर ते प्रकरण संपले असे मानू नये. भरतीच्या वेळी कोणत्याही आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असे सामान्यतः धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. मध्य प्रदेशासाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ जबलपूरला आहे. वैद्यकीय मंडळाचे कागद पेटीत सापडले, तर ते आधी वकिलाला दाखवावेत.

कागद मार्गी लागले की पलटणीतला एखादा माणूस शोधावा. भिंड-मुरैन्याच्या गावागावांत आणि मुरारमध्ये माजी सैनिक आहेत, आणि एका फोनवरून दुसऱ्याचा पत्ता लागतो. काकांशी आम्ही सहा महिने जे बोलू शकलो नाही, ते त्यांच्या तोफेवरच्या एका जुन्या हवालदाराने चहाच्या एका बैठकीत बोलून घेतले. आता ते हवालदार दर शुक्रवारी येतात.

नवीन खोली मिळाल्यावर भाड्याची रीतसर पावती किंवा करार घ्यावा, आधार आणि बँकेतला पत्ता बदलावा. मग पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे काकांनी गणपतीचे चित्र चिकटवले आहे त्याच्या खाली, एक कागद डकवावा. त्यावर ठळक अक्षरांत हयातीच्या दाखल्याचा महिना, पॉलिक्लिनिकची पुढची तारीख, १४४१६ आणि रात्री दोन वाजताही उचलणाऱ्या एका माणसाचा फोन क्रमांक लिहावा.