बाल-रुग्णालयासाठी मॅरेथॉन धावताय? या चुका टाळा

टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. एखाद्या बाल-रुग्णालयासाठी निधी जमवायचा म्हणून जे तिच्यात उतरतात, त्यांचं धावण्याचं वेळापत्रक ऑगस्टपासून फ्रिजवर चिकटवलेलं असतं. मंगळवारी काय, गुरुवारी काय, रविवारी किती किलोमीटर, सगळं ठरलेलं. पैसे मागण्याचं वेळापत्रक मात्र कुठेच नसतं. ‘डिसेंबरात ग्रुपवर एक मेसेज टाकू’ एवढ्यावर ते चालतं. बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात, म्हणून आधी पैशांच्या चुका, मग पायांच्या.

नोंदणी शुल्क म्हणजे देणगी, असं समजणं

स्पर्धेचं शुल्क स्पर्धेसाठी असतं. ते भरलं म्हणून रुग्णालयाला काही मिळत नाही. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये निधीचं काम बरीच वर्षं युनायटेड वे मुंबई या स्वयंसेवी संस्थेमार्फत चालत आलं आहे आणि त्यासाठी पैसे घेणाऱ्या संस्थेने तिथे आपलं नाव नोंदवलेलं असावं लागतं. तेव्हा आपल्या मनातली संस्था यंदाच्या यादीत आहे का, हे आधी बघा. मनात परळचं वाडिया रुग्णालय असेल (१९२९ पासूनचं, खास मुलांसाठीचं) किंवा टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणारी मुलं असतील, तरी पैसे नेमके कोणत्या ट्रस्टच्या खात्यात जाणार ते विचारून घ्या. रुग्णालय एक आणि तिथल्या पेशंटांना मदत करणारी संस्था वेगळी, असं अनेकदा असतं.

पैसे स्वतःच्या जीपेवर घेणं

सगळ्यात जास्त केली जाणारी आणि सगळ्यात जास्त निस्तरावी लागणारी चूक हीच. ‘काका, तुम्हाला वेबसाइटवर जमत नाही ना, मला पाठवा, मी भरतो.’ असे पंधरा काका-आत्या झाले की एकगठ्ठा रक्कम तुमच्या नावावर भरली जाते आणि पावती तुमच्या नावाने येते. मग काका पावती मागतात. ती त्यांच्या नावावर करून मिळत नाही.

काकांच्या शेजारी बसा, त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच पॅन नंबरने भरून द्या. दहा मिनिटांचं काम आहे. नावाच्या रकान्यात ‘बंडूकाका, डोंबिवली’ लिहू नका, पॅनवर आहे तसं नाव लिहा. देणगीवरच्या करसवलतीबद्दलही (८०-जी) फुशारकी नको. ही वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, बऱ्याच संस्थांच्या बाबतीत दिलेल्या रकमेच्या ५० टक्केच मिळते आणि २,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर मिळतच नाही. ‘सगळे पैसे टॅक्समधून वाचतात’ असं सांगून पैसे घेतलेत, तर जुलैत रिटर्न भरताना तो माणूस तुमची आठवण काढेल, आणि ती चांगली नसेल.

परदेशातल्या नातेवाइकांना सरसकट देणगीच्या पानाची तीच लिंक पाठवणं

मावसभाऊ न्यू जर्सीला आहे, तो देईलच. देईल, पण त्याचा पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी त्याचे पैसे कायद्याने विदेशी देणगी ठरतात, अगदी इथल्या बँक खात्यातून रुपयांत दिले तरीही. ते घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. त्याला लिंक पाठवण्याआधी संस्थेला विचारा. चूक झाली तर त्रास तुम्हाला नाही, संस्थेला होतो.

मेसेज सगळ्यांना, म्हणजे कोणालाच नाही

‘नमस्कार मित्रहो, मी एका उदात्त हेतूने धावत आहे, कृपया यथाशक्ती मदत करावी.’ सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज पडतो, खाली अकरा अंगठे आणि चार हात जोडलेले येतात, पैसे शून्य. ‘यथाशक्ती’ हा शब्द तर काढूनच टाका. वाचणारा शक्तीचा अंदाज घेत बसतो आणि तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू जातं.

त्याऐवजी एकेकाला, नावाने: ‘वहिनी, मी १८ जानेवारीला ४२ किलोमीटर धावतेय. किलोमीटरला ५० धरले तर २,१०० होतात. तुम्ही द्याल का? रविवारपर्यंत भरलंत तर बरं.’ रक्कम, तारीख, कारण, झालं. पहिली देणगी मात्र स्वतः भरा. शून्यावर उभ्या असलेल्या देणगीच्या पानावर पहिला हात कोणी घालत नाही. घरच्या दोघा-चौघांचे पैसे आल्याशिवाय लिंक बाहेर काढूच नका. आणि एकदा मागून थांबू नका. पहिल्यांदा विसरलेला माणूस नकार देत नसतो, विसरलेला असतो. सरावातल्या ३२ किलोमीटरच्या लाँग रननंतर पुन्हा कळवा, बिब (छातीवर लावायचा नंबर) हातात आल्यावर पुन्हा. नोकरी करत असाल तर एचआरला ऑक्टोबरातच विचारा. कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेत कंपनी आपली भर घालते अशी योजना बऱ्याच ठिकाणी असते आणि तिची मुदत भलत्याच वेळी संपते.

‘धर्मादाय रुग्णालय आहे ना, मग पैसे कशाला?’ याचं उत्तर तयार नसणं

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी बिलांच्या एकूण रकमेतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकावे लागतात. मोठ्या बिलांच्या रुग्णालयात त्या २ टक्क्यांचा निधी बरा जमतो. जिथे येणारी बहुतेक मुलं गरिबाघरचीच, तिथे मुळात बिलंच छोटी, म्हणून २ टक्केही छोटे. शिवाय मूल एकटं ॲडमिट होत नाही. गावाहून आलेल्या आईचं जेवण, राहण्याची सोय, बाहेरून आणायची औषधं, बुडालेली मजुरी हे खाटेच्या हिशेबात येत नाही. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा की पैसा नेमका कुठे कमी पडतो. तिथून मिळालेलं एक वाक्य तुमच्या दहा विशेषणांपेक्षा जास्त कामाचं असतं.

आणि मुलांचे फोटो टाकू नका. नळ्या लावलेला चेहरा, नाव, केसपेपर, यातलं काहीही नको. पालकांनी एखाद्या हतबल क्षणी ‘हो’ म्हटलं असलं तरी नको. ते मूल उद्या शाळेत जाणार आहे.

आता पाय

इथे थोडक्यात, कारण हे सांगणारे पुष्कळ आहेत. निधीचा आकडा मोठा झाला की दुखणारा गुडघा लपवून धावायची बुद्धी होते, ती आवरा. शर्यतीच्या सकाळी ‘खबरदारी म्हणून’ आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका, घामाने शरीर सुकलेलं असताना ती मूत्रपिंडांवर ताण आणते. मुंबईच्या दमट हवेत वाटेतल्या प्रत्येक टेबलावर नुसतं पाणी ढोसत गेलात तर रक्तातलं सोडियम घसरतं. त्याची लक्षणं मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळल्यासारखं होणं. सोबतचे लोक ते पाणी कमी पडल्याचं समजून आणखी पाणी पाजतात. अशा वेळी थेट वैद्यकीय तंबू गाठा.

बिब दुसऱ्याला देऊ नका. बिबमागच्या नोंदी तुमच्या असतात, त्यावर धावणारा कोसळला तर डॉक्टरांपुढे चुकीचं नाव आणि चुकीचा संपर्क येतो. पेडर रोडच्या चढाचा धसका जुन्या धावकांना आहे तो उगाच नाही. परतीच्या वाटेवर पस्तीस किलोमीटर उलटल्यावर तो समोर यायचा. मार्गात बदल होत असतात, त्यामुळे नकाशा यंदाचाच बघा. पण पहिले १० किलोमीटर मरीन ड्राइव्हच्या गार वाऱ्यात उधळलात, तर चढ कुठेही असो, तिथे चालावंच लागेल.

अडलंच तर

पैसे कापले गेले, पावती नाही: दुसऱ्यांदा लगेच भरू नका. व्यवहाराचा यूटीआर नंबर काढून संस्थेला आणि देणगीच्या पोर्टलला मेल करा. अडकलेला व्यवहार बहुतेकदा काही दिवसांत खात्यात परत येतो.

करसवलतीचं प्रमाणपत्र आलं नाही: देणगीची पावती वेगळी आणि ते प्रमाणपत्र वेगळं. प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर, मेच्या सुमारास येतं. जानेवारीतच देणगीदारांना हे सांगून ठेवा.

आठवडाभर आधी पाय मुरगळला: पैसे परत करायचे का, असं लोक घाबरून विचारतात. देणगी रुग्णालयाला दिलेली असते, तुमच्या पायांना नाही. ती तिथेच राहते. फक्त सगळ्यांना त्याच दिवशी सरळ कळवा, आणि मागणं थांबवू नका. निधीची मुदत शर्यतीनंतरही काही दिवस चालू असेल तर उरलेले फोन तेव्हा करा, पाय उशीवर ठेवून.